चालू गाडीची चावी

१

बंपरच्या फटीत काळी लोकर अडकली होती.

मनकर्णाबाईंना आधी ते जळमट वाटलं. रोज सकाळी गाडीवरून ओला फडका फिरवायचं काम नवरा बद्रीनाथ गेल्यापासून त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. फडक्यानं निघेना म्हणून त्यांनी बोटांनी ओढलं, तर हातात मेंढीच्या अंगावरचे राठ केस आले. त्यांच्या बुडाशी काहीतरी वाळून कडक झालं होतं. मग नजर वर गेली. डावा दिवा फुटला होता.

त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या. काल, बुधवारी दुपारी ड्रायव्हर शिवशंकरनं गाडी शेडमध्ये आणून लावली तेव्हा दोन्ही दिवे शाबूत होते. त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पदमपुऱ्यातल्या त्यांच्या घराला मागच्या गल्लीत उघडणारं लोखंडी फाटक आहे. त्याचं कुलूपही जिथल्या तिथं होतं. म्हणजे कुणीतरी गाडी नेली, परत आणली, आणि जाताना कुलूप लावायला विसरलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली.

दारात फौजदार अप्पाराव उभे होते. "आजी, जुनी पांढरी मारुती तुमचीच ना?"

"माझीच. काय झालं?"

"काल दिवस मावळताना दौलताबादच्या रस्त्याला, शरणापूर फाट्यापाशी एका मेंढपाळाला धडक बसली. कारभारी नाव. मांडीचं हाड मोडलंय. दोन मेंढ्या जागेवर गेल्या. ढाब्यावरच्या पोरांनी नंबर सांगितला. कॅमेऱ्यात गाडी दिसते, पण काचेवर ऊन आहे, चालवणारा दिसत नाही."

"माणूस जिवंत आहे?"

"आहे. घाटीच्या दवाखान्यात ठेवलाय. गाडी कोण चालवतं तुमची?"

"शिवशंकर म्हणून पोरगा आहे. सकाळचा येतो, मला कुठं जायचं असलं तर नेतो."

"दुसरं कुणी नेली असंल?"

मनकर्णाबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. विचारलं तेवढ्याचं स्पष्ट उत्तर द्यायची सवय अजून सुटली नव्हती. त्या म्हणाल्या, "नाही. कालच गाडीचं लॉक बदललंय. नवं टाकलं. त्याची चावी एकच, ती शिवाकडं."

मागे घरातली सगळी जमली होती. मुलगा काकासाहेब हातात पेपर घेऊन, सून संजीवनी चहाचा ट्रे घेऊन, नात सायली तोंडात ब्रश धरून.

"लॉक बदललं? मला कुणी सांगितलं नाही," काकासाहेब म्हणाले.

"तू म्हणाला असतास, गाडी भंगारात घाला. म्हणून नाही सांगितलं."

फौजदारांनी चहाला नको म्हटलं. "मग प्रश्नच मिटला की, आजी," ते म्हणाले आणि वळले.

प्रश्न मिटला नव्हता. आपल्या चार शब्दांनी एका पोराच्या गळ्यात फास अडकवला, हे मनकर्णाबाईंना फाटक वाजल्यावर कळलं.

२

त्या गाडीचं लॉक बद्रीनाथ असल्यापासूनच झिजलेलं. इतकं, की इंजिन चालू असतानाही चावी तुपातून चमचा निघावा तशी उपसून यायची. दुसऱ्या कुणी ते लगेच दुरुस्त केलं असतं. बद्रीनाथांनी त्यातही सोय शोधली. मागच्या फाटकाच्या कुलपाची चावी त्यांनी गाडीच्या चावीच्याच कडीत ओवली. फाटकाशी यायचं, गाडी चालूच ठेवायची, चावी उपसायची, उतरून कुलूप काढायचं आणि परत बसून गाडी आत घ्यायची. गल्लीतली पोरं म्हणायची, बद्रीआजोबांची गाडी भुताची आहे, चावीशिवाय घुरघुरते. अशा दोन कड्या घरात होत्या. एक चालवणाऱ्याकडे, दुसरी स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला.

अलीकडे मात्र लॉकनं अगदीच दगा द्यायला सुरुवात केली होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडून निघताना भर उन्हात चावी नुसतीच गोल फिरत राहिली आणि मनकर्णाबाईंनी शिवाला सांगितलं, बाबा, बदलून आण एकदाचं.

शिवशंकर संध्याकाळी चौकीतून सुटून थेट आला. पायरीवर बसला, आत आला नाही.

"शिवा, खरं सांग. तू नेली होतीस का रे गाडी?"

त्यानं मान वर केली. त्यांच्याकडं पाहिलं. "नाय आजी. जाफर गेटवरून लॉक टाकून आनली, हितं लावली, खोलीवर जाऊन झोपलो."

"खोली पडेगावला. त्याच रस्त्याला."

"व्हय. म्हनून तर साहेब म्हनत्यात, सांग, कुठं चालला व्हतास."

"मग आता?"

"सोमवारी यायला सांगितलंय. सोमवारीच एसटीच्या ड्रायव्हरकीची कागदं तपासायची हायेत माझी. यादीत नाव लागलंय, तुम्हाला पेढे दिले न्हवते का? केस पडली की संपलं." त्यानं पायरीवरचं वाळकं पान उचलून फेकलं. "त्याचं बी एक वेळ सोसंल. पर कारभारीतात्या माझ्या मामाच्या गावचे हायेत. लहानपनी त्यांच्या मेंढरामागं फिरलोय मी. मगाशी घाटीत गेलो, तर त्यांच्या बायकोनं, बानाकाकीनं दारातूनच हाकललं. म्हनली, आपल्याच मानसाला तुडवून पळालास, तोंड दावू नको."

बोलता बोलता त्यानं खिशातून चावी काढून पायरीवर ठेवली. फाटकाची चावी वेगळी, सुतळीत बांधलेली.

"ही वेगळी का केलीस?"

"नवं लॉक हाय ना आजी. चालू गाडीतून आता चावी निघत नाय. फाटक उघडायला प्रत्येक टायमाला गाडी कशाला बंद करायची?"

तो गेला. मनकर्णाबाई ती चावी घेऊन शेडमध्ये गेल्या. नवऱ्याच्या गाडीत जरा बसावं, एवढंच मनात होतं. त्यांनी दाराच्या लॉकमध्ये चावी घातली. दार उघडलं. आत बसून तीच चावी स्टिअरिंगपाशी घातली. गाडी सुरू झाली.

त्यांनी गाडी बंद केली आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

नवं टाकलं ते इग्निशनचं लॉक. दाराच्या लॉकला कुणी हातही लावला नव्हता. मग नव्या लॉकची चावी जुन्या दाराला लागली कशी?

३

जाफर गेटच्या बाजाराला मनकर्णाबाई एके काळी बद्रीनाथांच्या स्कूटरवर मागे बसून यायच्या. तेव्हा इथं टांग्यांचे सुटे भाग मिळायचे. चाकाच्या धावा, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू. आता ओळीनं गाड्यांचे आरसे टांगलेले आणि प्रत्येक आरशात रिक्षातून उतरणारी एक म्हातारी.

शिवानं सांगितलेल्या टपरीत मुनीरचाचा कानशीनं चावी घासत होते.

"आओ अम्मा. किसकी चाबी गुम गई?"

"गुम नाही झाली. उलट एक चावी जास्त चालतेय, असं वाटतंय मला. परवा पांढऱ्या मारुतीला लॉक टाकलंत ना?"

"हाँ, डाल्या ना. ड्रायव्हर छोरा लाया था. शिकायत है क्या?"

"नाही. पण नव्या लॉकची चावी दाराला कशी लागते?"

चाचा हसले. "अम्मा, बैरल नवी, मगर अंदर की पत्त्यां पुरानी चाबी के नाप से बिठाया मैं. नहीं तो दरवाजे कू एक चाबी, चालू करने कू दुसरी. लोगां परेशान होते. सब गाड्यां कू ऐसाच करता."

"पोराला सांगितलंत हे?"

"वो तो चाय पीने गया था. आया, तो उसके हात में नवी चाबी काट के दे दिया. पुरानी घिसी हुई थी ना."

"म्हणजे घरात दुसरी जुनी चावी असली, तर ती पण लागणार?"

"लगनाच चाहिए. नहीं लगी तो मेरे कू बोलना."

रिक्षात बसल्यावर मनकर्णाबाईंना स्वतःचीच चीड आली. लॉक बदललं, असं त्या म्हणाल्या होत्या आणि सगळ्यांनी ते ऐकलं होतं. लॉक बदललं म्हणजे चावी बदलली, हे कुणीच पारखून पाहिलं नव्हतं. खुंटीवरची जुनी चावी आता निकामी, असं धरून सगळे मोकळे झाले होते. आणि शिवा अडकला होता.

घरी पोचताच चप्पल न काढता त्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. कडी खुंटीला होती. तीत गाडीची चावी आणि फाटकाची चावी, नेहमीसारख्या. त्यांनी ती खाली घेतली, तळहातावर ठेवली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

गाडीची चावी मुठीपाशी वाकली होती. वाकल्या जागी धातू नवा चकाकत होता.

४

चावी वाकते ती ओढल्यानं. लॉकमध्ये घट्ट बसलेली चावी कुणीतरी बळ लावून उपसायला गेलं होतं, आणि तेही नव्या लॉकमधून, कारण जुन्या लॉकनं कधी कुठली चावी धरूनच ठेवली नव्हती. म्हणजे बुधवारी गाडी नेणाऱ्यानं खुंटीवरची कडी नेली होती. शिवाच्या खिशात स्वतःची चावी होती, तो ह्या खुंटीला हात कशाला लावेल?

तेव्हा माणूस घरातलंच होतं. मनकर्णाबाई देवघरात जाऊन बसल्या, पण दिवा लावायचा विसरल्या.

काकासाहेब विम्याच्या कचेरीतून आले तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बुधवारी कशानं आलास रे? तुझी गाडी वर्कशॉपला होती ना?"

"कुलकर्ण्यांच्या स्कूटरवर. का?"

"उशीर झाला होता तुला."

"आई, तू माझी उलटतपासणी घेतेयस का?" ते हसले, पण हसू पुरतं चेहऱ्यावर आलं नाही. "मी तुला आधीच सांगत होतो, हा पोरगा बरोबर नाही. तू महिन्यातनं चारदा गाडीत बसतेस आणि पेट्रोल कसं संपतं? विकत असेल, नाहीतर फिरवत असेल."

"कधीपासून संपतं?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष. तूच त्याला डोक्यावर बसवलंयस."

शिवाला नोकरीला लागून वर्ष व्हायचं होतं.  एक्स्चेंजमध्ये बोलणाऱ्याचा आवाज ऐकून माणूस कळायचा. काकासाहेबांच्या आवाजात राग होता, भीती नव्हती.

सायली फोनमध्ये डोकं घालून पलंगावर पडली होती.

"बुधवारी संध्याकाळी कुठं होतीस गं?"

"क्लासला."

"क्लासच्या बाईंचा फोन आला होता. चौकशी करत होत्या."

असा कुठलाही फोन आला नव्हता. सायली उठून बसली. "आजी, प्लीज, पप्पांना सांगू नको. मैत्रिणीचा वाढदिवस होता, मॉलमध्ये गेलो होतो. हे बघ फोटो." फोटोत ती होती, केक होता, मागच्या काचेबाहेर मावळतं आभाळ होतं.

"मला वाटलं, गाडी घेऊन गेलीस की काय."

"त्या डब्यातनं? माझी काय इज्जत आहे की नाही? आणि मला लायसन मिळून महिना पण नाही झाला."

"शिकलीस ना पण."

"ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर. ते सर इतके खडूस! चावी काढता येईना, तर सगळ्यांसमोर ओरडले. आधी बंद कर, मग दाबून मागं फिरव, मग निघते. चालू गाडीतनं चावी कधी निघत नाही, एवढं पण माहीत नाही का? मी म्हटलं, आमच्या घरी निघते! सगळा वर्ग हसला."

मनकर्णाबाई हसल्या नाहीत. "काय म्हणालीस? परत सांग."

५

शनिवारी त्या घाटीत गेल्या. कारभारी पलंगावर पडून होता, पायाला वजन बांधलेलं. जागा बदलली की त्याचे ओठ आवळत, आवाज मात्र काढत नव्हता. शेजारी बानाबाई पदर तोंडावर धरून बसलेली. गाडीची मालकीण म्हटल्यावर तिनं मान फिरवली.

"बघायला आलाव का? बगा."

"बघायलाच आले. आणि विचारायला. तात्या, चालवणारा दिसला का?"

"दिसंल कसा? ऊन डोळ्यावर व्हतं," कारभारी म्हणाला. "मेंढरं रस्ता वलांडीत व्हती. गाडीनं मारली, मी आडवा. फुडं जाऊन थांबली."

"उतरलं कुणी?"

"न्हाई. पर भोंगा वाजवत ऱ्हायलं. थांबंना म्हना की. ढाब्यावरची पोरं पळत आली, तवा कुठं गाडी हलली." त्यानं मानेखालची उशी सरकवली. "वाईट मानूस नसंल त्ये. भ्यालं."

"तुम्ही ऱ्हाऊ द्या," बानाबाई फणकारली. "पाय मोडला, तरी हेच्या तोंडात चांगलंच. त्यो शिवा वाईट न्हाई तर कोन?"

परतताना मनकर्णाबाई रिक्षात डोळे मिटून बसल्या. गाडी फाटकाशी येऊन उभी आहे, इंजिन चालू आहे, असं त्या मनाशी मांडत होत्या. फाटक उघडायला चावी हवी, ती गाडीच्या चावीच्या कडीत. चालवणारं माणूस नेहमीसारखी चावी उपसायला जातं. निघत नाही. पुन्हा ओढतं. आणखी जोरात ओढतं.

शिवा असं करणारच नाही. लॉक नवं आहे हे त्याला माहीत, आणि फाटकाची चावी त्यानं वेगळी केलेली. काकासाहेब रोज कचेरीची गाडी चालवतात. एकदा सवयीनं ओढतील, मग गाडी बंद करून, दाबून, फिरवून काढतील. सायलीच्या डोक्यात तर मास्तरांचं ओरडणं अजून घुमतंय. चावी वाकेपर्यंत ओढत राहील तो माणूस, ज्याला दुसरी तऱ्हा ठाऊकच नाही. जो ह्या एकाच गाडीवर शिकला, आणि तेही लॉक झिजल्यानंतर.

असं माणूस घरात कोण? कुणीच नव्हतं.

आणि मग खूप मागचं एक दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. बद्रीनाथ बाजूच्या सीटवर, पान चघळत. स्टिअरिंगवर घाबरलेले दोन हात, हिरव्या बांगड्यांचे. "असं उपसायचं पोरी, इंजिनाला विचारायचंही नाही." पुढे त्याच आठवड्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली. काकासाहेबांनी घर डोक्यावर घेतलं आणि ती शिकवणी बंद झाली. बंद झाली, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

ती शिकवणी बुधवारची, अपघातही बुधवारचा. आणि दर बुधवारी संध्याकाळी सुनेचं भजनी मंडळ.

घरी येऊन त्यांनी मंडळाच्या द्वारकाबाईंना फोन लावला. "द्वारकाबाई, मी मनकर्णा. आमची संजीवनी बुधवारी तिचे टाळ विसरली का हो तुमच्याकडं?"

"संजीवनी?" पलीकडून आवाज आला. "अहो, ती बुधवारची यायची बंद होऊन किती दिवस झाले! मला वाटलं, तुम्हीच पाठवत नाही."

६

रविवारी दुपारी संजीवनी पोळ्या लाटत होती. मनकर्णाबाईंनी वाकलेली चावी ओट्यावर, पिठाच्या शेजारी ठेवली.

लाटणं थांबलं.

"आत्या..."

"बोल."

"मी सांगणार होते."

"कधी? सोमवारी संध्याकाळी?"

संजीवनी खालीच बसली, ओट्याला पाठ लावून. "मामांनी शिकवणं सोडलं नव्हतं. ह्यांना कळू द्यायचं नाही, म्हणून आम्ही दोघं बुधवारी जायचो. किल्ल्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मामा म्हणायचे, लायसन काढू तुझं, काकाला मी बघतो. मग ते गेलेच." तिनं पदरानं नाक पुसलं. "वर्षभर गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. मग एका बुधवारी तुम्ही गाडी पुसताना दिसलात. मला वाटलं, तुम्हाला निदान फडका तरी आहे. त्या संध्याकाळी मी खुंटीवरची चावी घेतली."

 आपल्या माणसाची आठवण ह्या घरात आपण एकटीच जपतोय, असं मनकर्णाबाईंना इतके दिवस वाटत होतं.

"उतरली का नाहीस?"

"पाय उचलेनात. भोंग्यावरचा हातही निघेना. पोरं पळत येताना दिसली आणि मी गाडी हलवली. फाटकाशी आले तर चावी निघेना. कितीदा ओढली. वाटलं, मामांनीच आतून धरून ठेवलीय. शेवटी ओढता ओढता ती मागं फिरली, गाडी बंद पडली आणि चावी निघाली." तिनं डोळे मिटले. "सकाळी तुम्ही फौजदारांना म्हणालात, लॉक नवं आहे, चावी शिवाकडंच. तेव्हा कळलं, की का निघत नव्हती. आणि हेही कळलं, की माझ्यावर कुणाची नजर जाणार नाही."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले."

दारात काकासाहेब उभे होते. कधीपासून, कुणाला माहीत. चेहरा पांढरा पडला होता, पण बोलायला लागले ते कचेरीतल्यासारखे. "आई, आवाज करू नको. आधी नीट ऐक. हिच्याकडं लायसन नाही. हिचं नाव आलं तर विमा हात वर करेल आणि हिला आत टाकतील. शिवाकडं लायसन आहे. त्याच्या हातून झालं म्हटलं, तर साधा अपघात ठरतो. मी चांगला वकील देतो त्याला. सुटेल तो."

"एसटीतनं?"

"नोकऱ्या काय, मिळतात. मी लावतो कुठंतरी."

"आणि त्याच्या गावात? तिथं कुठला वकील देतोस?"

काकासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. "तू तरी बोल. सायलीचा विचार कर."

संजीवनी पदराला लागलेलं पीठ झटकत राहिली.

मनकर्णाबाईंनी चावी उचलली. "फौजदारांना जे सांगितलं ते माझ्या तोंडानं सांगितलं. ते चूक होतं. चूक दुरुस्त करायला मी आत्ता निघालेय. ही चावी दाखवणार आणि मुनीरचाचांचं नाव सांगणार. चावी कुणी वाकवली, हे ज्यानं वाकवली त्यानं सांगावं." त्या सुनेकडं वळल्या. "तू येतेस, की मी एकटी जाऊ?"

गॅसवरची पोळी करपली. संजीवनीनं उठून गॅस बंद केला, नळाखाली हात धरले. बोटांच्या बेचक्यांतलं पीठ निघेपर्यंत ती ते धूत राहिली. मग म्हणाली, "चला."

७

चौकीत काय काय झालं, ते सांगण्यासारखं नाही. फौजदार अप्पारावांनी दोनदा विचारलं, "ताई, नक्की का? मागून बदलता येत नाही." संजीवनीनं दोन्ही वेळा मान हलवली. ती सही करायला वाकली, तेव्हा दारात थांबलेले काकासाहेब बाहेर निघून गेले. जामिनाचं पाहायला मात्र तेच पुढं झाले.

फौजदारांनी शिवाला फोन केला. तो आला, त्यानं ऐकलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"उद्या जा तू एसटीच्या कचेरीत, बिनघोर जा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी तुझ्या मामाच्या गावालाही येते. सगळ्यांना सांगते."

"नगं आजी."

"का रे?"

"तुम्ही सांगितलं की लोक म्हनतील, मालकिनीनं सोडवला. माझ्या शब्दाला इथंबी किंमत न्हवती. पहिल्यांदा तुम्ही मलाच इचारलं, तू नेलीस का म्हनून. घरात कुनाला इचारलं न्हवतं तवर." आवाजात राग नव्हता, म्हणून त्यांना ते जास्त लागलं.  "काकूंनी सांगावं," तो म्हणाला. "बानाकाकीला. तिच्या तोंडावर."

संजीवनीनं ते ऐकलं. कुणी तिला विचारलं नाही, ती स्वतःच रिक्षाकडं चालू लागली.

वॉर्डात संध्याकाळची भेटायची वेळ होती. पलंगापलंगाला माणसं बसलेली, कुणी संत्रं सोलतंय, कुणी पाय चेपतंय. शिवा बाहेर, दाराच्या चौकटीपाशीच थांबला. उंबऱ्याच्या आत त्यानं पाऊल टाकलं नाही. कारभारीचा डोळा लागला होता. बानाबाई पायथ्याशी बसून त्याच्या पायाखालची चादर सरळ करत होती.

संजीवनी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. 

"बाई, गाडी मी चालवत होते. शिवा नव्हता. मला परवाना नाही. मी उतरले नाही, पळून गेले, आणि त्याच्यावर आळ आला तरी गप्प बसले. पोलिसांना सांगून आलेय."

शेजारच्या पलंगावरचं बोलणं थांबलं. बानाबाईचे हात चादरीवर तसेच राहिले. तिनं संजीवनीला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ती आता तोंड सोडेल, असं मनकर्णाबाईंना वाटलं. निदान शिवी तरी हासडेल. सोसायची त्यांची तयारी होती.

बानाबाईनं मान वळवली आणि दाराकडं हाक मारली.

"शिवा, आरं तिथं काय उभा ऱ्हायलास? ये की आत."

तो आला. ती पलंगाच्या कडेला सरकली आणि आपल्या शेजारची जागा हातानं झटकून साफ केली.

"बस हितं. सकाळपास्नं काय खाल्लंस?"

शिवशंकर बसला आणि त्यानं गुडघ्यांत डोकं घातलं. बानाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. संजीवनी समोर उभीच होती, तिच्यामागं मनकर्णाबाई. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही.